द्वीपजीवन, स्थलभाव आणि कलावंत : मराठी-कोंकणी प्रदेशातील काही उदाहरणांचा विचार

१

एखाद्या स्थळाशी माणसाचे जे मानसिक नाते जडते, त्याला आपण प्रस्तुत लेखापुरते ‘स्थलभाव’ असे म्हणू. साहित्य व कला यांच्या चर्चेत या स्थलभावाचा विचार निघाला की उदाहरण म्हणून द्वीपाची निवड हटकून केली जाते. याचे कारण उघड आहे. खेड्याची शीव कोठे संपते हे सांगण्यास दगड रोवावा लागतो. द्वीपाची शीव पाण्यानेच आखलेली असते. अशा आखीव भूमीवर राहणाऱ्या कलावंताला ‘आपली जागा’ अधिक ठळकपणे जाणवत असली पाहिजे, असे अनुमान साहजिकच केले जाते.

या अनुमानाला आधार म्हणून पुढे केली जाणारी युरोपीय उदाहरणे मात्र नीट तपासून पाहण्यासारखी आहेत. चित्रकार गोगँ १८९१ साली ताहिती बेटावर गेला. आयरिश नाटककार सिंज हा १८९८ साली प्रथम आरन बेटांवर गेला व त्या बेटांवरील त्याचे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले. हे दोघेही द्वीपाबाहेरचे. बाहेरचा कलावंत पाणी ओलांडून बेटावर येतो, तेथील जीवन पाहतो आणि ते चितारतो, असा हा क्रम आहे. आपल्याकडील द्वीपांची उदाहरणे घेतली म्हणजे क्रम पुष्कळदा उलटा दिसतो. येथे द्वीपावरचा माणूस पाणी ओलांडून बाहेर पडतो आणि त्यानंतरच त्याच्या द्वीपाला नाव, रूप व स्वर लाभतो. आपल्याकडील द्वीपकला बहुधा पैलतीरावरून बोलते, हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. भाषेचा पुरावा आणि कलेचा पुरावा असे दोन्ही पुरावे येथे शेजारी ठेवून पाहावयाचे आहेत.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. चारी बाजूंनी पाणी असलेल्या भूमीसाठी मराठी मुलखात एकच एक शब्द नाही. घाटावर ‘बेट’ हा शब्द चालतो. पण तो केवळ पाण्यातील भूमीपुरता नाही. वेळूचेही बेट असते. भोवतालापासून निराळा उठून दिसणारा पुंजका असा त्याचा व्यापक अर्थ आहे. गोदावरीच्या पात्रातील सराला बेट किंवा कोपरगावचे बेट ही नावे घेतली की मठ, मंदिर, समाधी, सप्ताह यांची आठवण होते. म्हणजे घाटावरील बेट हे वस्तीपासून जरा बाजूला पडलेले, एकांताचे आणि पुष्कळदा पवित्र असे स्थान आहे. सागरी युद्धाच्या परिभाषेतून आलेला ‘जंजिरा’ हा अरबी ‘जझीरा’चा वंशज. मूळ शब्दाचा अर्थ बेट इतकाच. मराठी कागदपत्रांत मात्र तो पाण्याने वेढलेल्या किल्ल्याचा वाचक झाला. येथे भूमीपेक्षा तट महत्त्वाचा ठरला.

दक्षिण कोंकण व गोवे येथे ‘जुवे’ किंवा ‘जुवो’ हा शब्द आढळतो. मालवणच्या खाडीतील जुवा, राजापूर तालुक्यातील जुवे, मांडवीच्या मुखाजवळच्या द्वीपसमूहातील जुवे आणि कुंभारजुवे ही त्याची उदाहरणे होत. हा शब्द खाडीतील भूमीचा आहे. जुव्याला मठाचा एकांत नाही आणि जंजिऱ्याचा तटही नाही. तेथे भाताची खाचरे आहेत, भाजीचे मळे आहेत, मासे आहेत आणि पलीकडे जाण्यासाठी तर आहे. जुवे हे राबत्या संसाराचे द्वीप आहे.

या नामांबरोबरच मराठीतील दिशादर्शक शब्दांची एक जोडी लक्षात घेतली पाहिजे : ऐल आणि पैल. ऐलतीर-पैलतीर, ऐलथडी-पैलथडी, अल्याड-पल्याड, अलीकडे-पलीकडे अशी तिची अनेक रूपे आहेत. पाण्याच्या दोन काठांवर उभी राहिलेली ही जोडी काळालाही लागू पडते. ‘अलीकडे’ म्हणजे जवळच्या काठावर, तसेच ‘अलीकडे’ म्हणजे नुकते. मात्र या जोडीतील कोणताही शब्द स्थिर नाही. बोलणारा ज्या काठावर उभा असेल, तो काठ ऐल. त्याने नदी ओलांडली की तोच काठ पैल होतो. द्वीपवासीयाचे वैशिष्ट्य हे की, त्याच्या दृष्टीने कोणत्याही दिशेला गेले तरी पलीकडेच जावे लागते. आपली भूमी पैलतीर म्हणून पाहण्याचा अनुभव त्याला तरीत बसल्याबरोबर येतो. डोंगराळ गावच्या माणसाला तो दोन खिंडी ओलांडल्यावर येत असेल. द्वीपवासीयाला तो घटकाभरात येतो.

३

हा अनुभव भाषेच्या व्याकरणात कसा उमटतो हे पाहण्यास ‘-कर’ हा प्रत्यय उपयोगी आहे. गावाच्या नावाला ‘-कर’ लावून आडनाव करण्याची आपली पद्धत सर्वपरिचित आहे. तिच्यातील एक गोष्ट मात्र सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. स्वतःच्या गावात कोणी त्या गावाचा ‘कर’ नसतो. चोडणमध्ये सारेच चोडणचे. तेथे एखाद्याला चोडणकर म्हणून ओळखण्यात काही अर्थ नाही. तो चोडण सोडून दुसरीकडे वस्तीस गेला, म्हणजे तेथील लोक त्याला चोडणकर म्हणतात. ‘-कर’ हा निवासाचा प्रत्यय म्हणून व्याकरणात शिकविला जातो. उपयोगाच्या दृष्टीने पाहता तो निर्गमनाचा प्रत्यय आहे. स्थळ नावात येते ते स्थळ सुटल्यावर.

मांडवीतील द्वीपांवर हा नियम देवतांनाही लागू पडलेला दिसतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने गोव्याच्या बेटांवरील देवालये उद्ध्वस्त केली, तेव्हा भक्तांनी देवतांच्या मूर्ती पाण्यापलीकडे, तत्कालीन पोर्तुगीज अमलाबाहेर, नेल्या. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदीपार डिचोलीकडील नार्वे येथे गेला. तेथील देवालयाचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवाजी महाराजांनी केला. चोडणचा देवकीकृष्ण आणि कुंभारजुव्याची शांतादुर्गा यांनी माशेल परिसरात आश्रय घेतला. कुंभारजुव्यात असताना ती देवी शांतादुर्गाच होती. माशेलात तिला ‘कुंभारजुवेकरीण’ हे नाव मिळाले. देवी ज्या द्वीपावर नाही, ते द्वीप तिच्या नावात कायमचे वसले. तिची पूजा, तिची पालखी, तिच्या उत्सवातील गाणे-बजावणे हे सारे पैलतीरावर चालते आणि प्रत्येक वेळी नावाच्या उच्चारात ऐलतीराचे स्मरण होते. स्थलभाव म्हणजे काय याचे याहून नेमके उदाहरण आपल्या भाषेत मिळणे कठीण.

स्मरणात काय वाहून नेले जाते हेही पाहिले पाहिजे. ही द्वीपे आज जशी दिसतात तशी केवळ निसर्गाने दिलेली नाहीत. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून येथे बांध घातलेले आहेत. बांधाआडच्या अशा जमिनीला ‘खाजण’ म्हणतात आणि पाण्याची ये-जा राखणाऱ्या दाराला ‘मानस’. भरती चढू लागली की मानस मिटते, ओहोटी लागली की उघडते. बांध फुटला तर शेत खारावते आणि एका वर्षात सावरत नाही. म्हणून बांधाची राखण हे एका घराचे काम नसून साऱ्या गावकरीचे काम मानले गेले. द्वीपाची कड ही येथे दृश्य नसून रोजचे कष्ट आहे. ‘समुद्राचे सौंदर्य’ या सदराखाली द्वीपाचा विचार करणाऱ्यांना हे कष्ट दिसत नाहीत. खाजण, मानस, बांध, तर हे शब्द ऐकणाऱ्याला ते दिसतात.

४

याच द्वीपसमूहातील जुव्यात, म्हणजे पोर्तुगीज नावाने सांतु इस्तेव्हांव येथे, १९०२ साली चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म झाला. हे जुवे भाजीसाठी प्रसिद्ध. ‘शाकेचो जुवो’ असे त्याला म्हणतात आणि तेथील भेंडीवरून गावकऱ्यांना भेंडेकार हे नाव पडले आहे. अर्थात हे नावही बाजाराच्या काठावर, म्हणजे पैलतीरावरच, पडलेले असले पाहिजे.

फोन्सेका यांनी वैद्यकाचे शिक्षण अर्धवट सोडून चित्रकला पत्करली आणि शांतिनिकेतनच्या परंपरेत अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्याजवळ शिक्षण घेतले. युरोपीय तैलचित्रांतून आलेली ख्रिस्ती प्रतिमा बाजूस ठेवून त्यांनी मेरीला साडी नेसलेल्या भारतीय स्त्रीच्या रूपात आणि संतांना या देशातील माणसांच्या रूपात रंगविले. गोव्यातील तत्कालीन ख्रिस्ती समाजातील अनेकांना हे रुचले नाही. मेरीची जी मूर्ती त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वेदीवर पाहिली होती, ती गोऱ्या वर्णाची व युरोपीय वस्त्रांतील होती. तिला शेजारच्या बाईचे रूप दिलेले पाहून ते बिचकले. फोन्सेका गोवे सोडून पुण्यास आले. शिवाजीनगर येथील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्यांना आसरा मिळाला. तेथे त्यांनी दीर्घकाळ चित्रे काढली आणि १९६७ साली पुण्यातच त्यांचे निधन झाले.

येथे एक प्रश्न उभा राहतो. या चित्रकाराच्या कलेत द्वीप कोठे आहे? खाडी, होडी, माड यांची दृश्ये हेच जर द्वीपकलेचे लक्षण मानले, तर ज्या मेरीचित्रांमुळे फोन्सेका ओळखले जातात ती या व्याख्येत बसणार नाहीत. परंतु कुंभारजुवेकरणीचे उदाहरण मनात ठेवून पाहिले तर निराळे काही दिसते. परकीय सत्तेने रुजविलेल्या धर्माला आपल्या भूमीचे अंग देण्याचा हा प्रयत्न आहे. देवीने द्वीप सोडले व द्वीपाचे नाव बरोबर नेले; चित्रकाराने द्वीप सोडले व त्या द्वीपाच्या श्रद्धेला देशी रूप दिले. दोहोंत एक विपर्यासही आहे. सोळाव्या शतकात ज्या धर्मसत्तेमुळे देवीला पाणी ओलांडावे लागले, तिच्याच अनुयायांच्या रोषामुळे विसाव्या शतकात एका ख्रिस्ती चित्रकाराला गोवे सोडावे लागले. घरच्या माणसांना आपलेच रूप परके वाटावे आणि परक्या ठिकाणी ते आपले म्हणून रंगविता यावे, ही गोष्ट स्थलभावाच्या अभ्यासकाने विसरू नये. पुढे फोन्सेका यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यात पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे गेला. चित्रकार परतला नाही, चित्रे परतली.

५

आतापर्यंतची उदाहरणे द्वीप सोडून गेलेल्यांची झाली. द्वीपावरच घडलेल्या कलेचे काय, असा आक्षेप येथे घेता येईल. त्यासाठी मुंबईजवळच्या घारापुरीच्या लेण्यांकडे वळू. हे लेणे सर्वसाधारणपणे सहाव्या शतकातील मानले जाते. शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर ही तेथील तीन वस्त्यांची नावे. तिन्ही नावांत ‘बंदर’ आहे, म्हणजे द्वीपवासीयांनी आपल्या वस्त्यांची ओळख उतरण्याच्या जागेवरून ठेवली. पोर्तुगीजांनीही बेटाला नाव दिले ते उतरल्यावर दिसलेल्या दगडी हत्तीवरून : एलिफंटा. तो हत्ती आता भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे. म्हणजे ज्या वस्तूवरून नाव पडले ती वस्तूही पाणी ओलांडून गेली.

लेण्यातील शिल्पपट क्रमाने पाहावेत. महेशमूर्ती, तिच्या एका बाजूस गंगाधर व दुसऱ्या बाजूस अर्धनारीश्वर. पुढे कल्याणसुंदर, अंधकासुरवध, नटराज, योगीश्वर, कैलासावर बसलेले शिवपार्वती आणि कैलास हलविणारा रावण. दारात उभे राहिले की समोर खाडी, आणि आत कैलास व गंगा. चहूकडे खारे पाणी असलेल्या या भूमीवर शिल्पकारांनी गोड्या पाण्याची नदी स्वर्गातून उतरविली आणि पर्वत कोरला. या निवडीमागे शैव संप्रदायाची मूर्तिपरंपरा आहे हे उघड आहे. गंगाधर व रावणानुग्रह हे विषय डोंगरातील लेण्यांतही येतात. तथापि त्या परंपरेचा परिणाम द्वीपावर निराळा होतो. वेरूळला कैलास पाहताना आपण डोंगरातच असतो. घारापुरीत तो पाहण्यासाठी पाणी ओलांडून यावे लागते, आणि ओलांडून आल्यावर दिसते ते पुन्हा दूरचेच स्थळ. द्वीपावर घडलेली ही कलासुद्धा पैलतीराकडे तोंड करून आहे.

६

दोन्ही दिशा एकत्र आलेल्या पाहावयाच्या असतील तर मुंबईचे उदाहरण घ्यावे लागते. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम या सात बेटांची भरती करून हे शहर उभे राहिले. वरळीजवळचा बांध अठराव्या शतकात घातला गेला. कुलाब्याचा जोडरस्ता १८३८ मध्ये व माहीमचा १८४५ मध्ये झाला. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली निघाले, तेव्हा बेटांचे शहर होण्याची क्रिया बरीचशी पूर्ण झाली होती. मुंबईचे मराठीतील हे पहिले विस्तृत वर्णन लिहिणाऱ्या ग्रंथकाराच्या आडनावात माडगाव असावे, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा भाग नाही. पाणी ओलांडून आलेल्यांनीच मुंबईचे वर्णन केले.

पुढील काळात हे अधिक स्पष्ट होते. मुंबईची लावणी रचणारे पठ्ठे बापूराव हे रेठरे हरणाक्षचे. त्यांनी मुंबईचे वैभव गायिले. त्याला उत्तर म्हणून श्रमिकांच्या मुंबईची लावणी रचणारे अण्णाभाऊ साठे वाटेगावचे. दोन्ही गावे सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात. दोघेही शाहीर घाट उतरून मुंबईस आलेले. पहिल्याच्या लावणीतील मुंबई ही नव्याने पाहिलेली नगरी आहे. दुसऱ्याच्या लावणीत तिच्या चाळी व बकाल वस्त्या आहेत. ‘माझी मैना गावावर राहिली’ या अण्णाभाऊंच्या छक्कडीत विरहाचे दोन काठ आहेत : एका काठावर मुंबई, दुसऱ्या काठावर गाव. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ही छक्कड गाजली, कारण मुंबई हे बेट कोणाचे हाच त्या चळवळीचा प्रश्न होता आणि शाहिराने तो प्रश्न तुटलेल्या नात्याच्या भाषेत मांडला.

‘मुंबईकर’ या शब्दाचा एक उपयोगही येथे विचारात घ्यावा. शहराच्या वृत्तपत्रांत मुंबईकर म्हणजे मुंबईचा कोणताही रहिवासी. कोंकणातील गावात मात्र ‘यंदा मुंबईकर आले’ असे म्हटले की अर्थ होतो : आपलेच, पण मुंबईस राहणारे लोक गणपतीला गावी आले. येथे ‘-कर’ हा प्रत्यय गावाने दिलेला आहे. एकच माणूस मुंबईत आपल्या गावाचा ‘कर’ असतो व गावात मुंबईचा ‘कर’ असतो. तो ज्या काठावर उभा असेल, त्याच्या समोरचा काठ त्याचे नाव होतो.

७

या विवेचनाला दोन मर्यादा घातल्या पाहिजेत. पहिली ही की, ओलांडण्याच्या क्षणीच, पाण्यावरच घडणारी कलाही द्वीपांवर आहे. कुंभारजुव्यात गणेशविसर्जनाच्या वेळी निघणारा सांगोड हे तिचे उदाहरण. दोन होड्या एकत्र बांधून त्यांवर सोंगे व देखावे उभे केले जातात आणि ते खाडीतून फिरतात. ही कला ऐलतीराचीही नाही व पैलतीराचीही नाही. तिचा स्वतंत्र अभ्यास होणे अवश्य आहे. दुसरी मर्यादा अशी की, ‘-कर’ प्रत्यय घाटावरही चालतो. तो द्वीपांपुरता नाही. द्वीप हे केवळ असे ठिकाण आहे की, जेथे सर्वत्र चालणारा नियम पाण्यामुळे स्वच्छ दिसतो.

तो नियम द्वीपाबाहेर लावून पाहिला की आपल्या भोवतालच्या परिस्थितीबद्दल काही शिकता येते. पवनेच्या काठावरील रावेत हे गाव घ्या. येथील बंधाऱ्यावरून पिंपरी-चिंचवड शहरासाठी पाणी उचलले जाते. गावठाणाभोवती उंच इमारतींच्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. अशा गावठाणाला ‘बेट’ म्हणण्याचा मोह होतो आणि वेळूच्या बेटाच्या अर्थाने तो शब्द चुकीचाही नाही. पण द्वीपाची कसोटी पाण्याने वेढलेले असण्यात नसून ओलांडण्यात आहे, असे आपण वर पाहिले. चाकण व भोसरीच्या कारखान्यांसाठी मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून आलेली माणसे ओलांडून आली आहेत. त्यांच्या तोंडी त्यांच्या गावाचे नाव आहे, आणि उद्या त्यांच्यातून शाहीर किंवा चित्रकार निघाला तर तो या नियमाने बोलेल. मूळच्या रहिवाशाची स्थिती अधिक अवघड आहे. त्याने कोणताही काठ सोडला नाही. त्याचा काठच बदलला. शेत गेले, पाणंद गेली, आणि तो मात्र जेथल्या तेथे आहे. भाषेत त्याच्यासाठी ‘-कर’ उपलब्ध नाही. या पट्ट्यात अशा रहिवाशांसाठी ‘गाववाले’ हा शब्द चालतो. गाव होते तोवर सारेच गावचे होते, म्हणून गाववाला असा कोणी वेगळा काढण्याचे कारण नव्हते. गाव शहरात मिसळून गेले, तेव्हा हा शब्द ओळखीचा झाला. जागा न सोडता पैलतीरावर जाऊन पडलेल्यांचा हा शब्द आहे. त्यांच्या स्थलभावाला अजून आपला कलावंत मिळावयाचा आहे.

विभागातील विद्यार्थ्यांना येथे करण्यासारखे काम पुष्कळ आहे. दिवाडीला आजही फेरीबोटीने जावे लागते. अनेक जुव्यांना पूल झाले आहेत. घारापुरीला २०१८ साली समुद्राखालून तार टाकून वीज पोहोचली. मुंबईहून न्हावाशेव्याकडे जाणारा सागरी सेतू २०२४ साली सुरू झाला. हे सारे रहिवाशांच्या सोयीचे आहे आणि त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. परंतु पूल झाला की तर जाते, तरीबरोबर तरीचे शब्द जातात. खाजण पडीक राहिले की मानस हा शब्द अर्थहीन होतो. जुव्यांतील बांधांची व पाण्याच्या वाटांची नावे जशी टिपून ठेवली पाहिजेत, तशीच पवनाकाठच्या शेतांची, ओढ्यांची, पाणंदींची व उताराच्या जागांची नावेही टिपली पाहिजेत. ही नावे ज्यांना ठाऊक आहेत ती माणसे वृद्ध आहेत. कलावंत ज्या सामग्रीतून पैलतीरावर उभा राहून आपले स्थळ पुन्हा उभे करतो, ती सामग्री हीच होय. आणि ती जमा करणे हे भाषाभ्यासकाच्या हाती आहे.